देव्हाऱ्याखालची फाईल: एका कुमार-कादंबरीच्या पुनर्लेखनाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका इंग्रजी कादंबरीच्या दोन खर्ड्यांचे आणि त्या दोहोंच्या मधल्या सुमारे चौदा महिन्यांचे आहे. लेखिकेच्या संमतीने ते मांडत आहे; कुटुंब ओळखू येईल असे तपशील बदलले आहेत किंवा गाळले आहेत. माझा संबंध संपादक म्हणून आला. मी पुण्यात राहून मराठी कुमार साहित्याचे संपादन करते, आणि लेखिकेला तिचे हस्तलिखित मराठी घर आतून ठाऊक असलेल्या, पण अमेरिकेत न राहिलेल्या कुणाकडून तरी वाचून घ्यायचे होते.

लेखिकेचा जन्म १९९९ सालचा, पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावचा. वडील सॉफ्टवेअर क्षेत्रात होते. २००७ साली ते कुशल परदेशी कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या एच-वन-बी व्हिसावर अमेरिकेतल्या न्यू जर्सीला गेले, आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्यांना मिळणाऱ्या एच-फोर व्हिसावर आई व आठ वर्षांची ही मुलगी त्यांच्याबरोबर गेली. आई गावी असताना एका सहकारी बँकेत नोकरीला होती. तिकडे गेल्यावर तिला नोकरी करण्याची परवानगी नव्हती. २०१० साली धाकट्या भावाचा जन्म झाला आणि तो जन्मतःच अमेरिकेचा नागरिक झाला. शनिवार-रविवारची मराठी शाळा, गणपतीतली नाटुकली, ओक ट्री रोडवरची वाणसामानाची खरेदी असे सगळे त्या घरात होते. तिकडच्या मुलांना आपल्याकडे थट्टेने ‘एबीसीडी’ म्हणतात, म्हणजे अमेरिकेत जन्मलेली, गोंधळलेली देशी मुले. लेखिका एकदा म्हणाली की तिला त्या थट्टेतही जागा नव्हती, कारण ती तिथे जन्मलीच नव्हती.

कादंबरी इंग्रजीत ज्याला ‘यंग अडल्ट’ म्हणतात त्या वर्गातली, म्हणजे साधारण बारा ते अठरा वर्षांच्या वाचकांसाठी होती. या वर्गातला नायक किंवा नायिका बहुधा सोळा-सतरा वर्षांची असते आणि कथा प्रथमपुरुषी चालते. इथेही तसेच होते. न्यू जर्सीतली बारावीची मराठी मुलगी, तिने डॉक्टर व्हावे म्हणून हट्ट धरणारे वडील, संस्कारांच्या नावाखाली तिला घरात अडकवणारी आई, आणि शेवटी महाविद्यालयाच्या अर्जासोबत द्यायच्या ६५० शब्दांच्या निबंधात ‘मला लेखिका व्हायचे आहे’ असे जाहीर करून मोकळी होणारी नायिका.

अडचण

२०२३ च्या सुरुवातीला पहिला खर्डा माझ्याकडे आला तेव्हा एक साहित्यिक एजंट, म्हणजे लेखकाच्या वतीने प्रकाशक शोधणारी मध्यस्थ, त्यावर काम करायला तयार झालेली होती. भाषा चांगली होती, विनोद जागच्या जागी होता. तरीही वाचताना तीन ठिकाणी मी अडखळले, आणि तिन्ही ठिकाणी अडखळण्याचे कारण एकाच जातीचे होते.

पहिल्या प्रसंगात नायिकेच्या मैत्रिणी उन्हाळ्याच्या सुट्टीत आइस्क्रीमच्या दुकानात काम करतात. तिलाही जायचे असते. आई म्हणते, आपल्या घरातल्या मुली दुकानात उभ्या राहत नाहीत. ही आई स्वतः बँकेच्या खिडकीवर सात वर्षे बसलेली. तिच्या तोंडी हे वाक्य येईल कसे?

दुसऱ्या प्रसंगात गावी आजी वारते आणि वडील जात नाहीत, तेराव्यालाही नाही. कादंबरीत हा त्यांच्या कोरडेपणाचा पुरावा म्हणून येतो. पण त्याच प्रकरणात हे वडील आठवडाभर रोज पहाटे अडीच वाजता उठून गावी फोन लावतात. कोरडा माणूस असे करत नाही.

तिसरी जागा अगदी लहान होती. देव्हाऱ्याखालच्या खणात एक निळी प्लास्टिकची फाईल आहे आणि मुलगी खोलीत आली की वडील ती मिटतात. साऱ्या कादंबरीत ही फाईल दोनदा येते आणि पुढे तिचे काहीच होत नाही.

मी लेखिकेला विचारले, फाईलमध्ये काय होते? उत्तर यायला नऊ दिवस लागले.

फाईलमध्ये व्हिसा मंजुरीच्या सूचना होत्या, आय-७९७ क्रमांकाच्या, प्रत्येक मुदतवाढीची एक. वडिलांच्या कंपनीने ग्रीन कार्डाची, म्हणजे अमेरिकेत कायम राहण्याच्या परवान्याची, प्रक्रिया २०१२ च्या अखेरीस सुरू केली होती. नोकरीच्या आधारे मिळणारी ग्रीन कार्डे वर्षाला साधारण १,४०,००० असतात. त्यांत कर्मचाऱ्यांचे जोडीदार आणि मुलेही मोजली जातात, आणि इतरांनी न वापरता उरलेली सोडली तर कोणत्याही एका देशाच्या वाट्याला सुमारे ७ टक्क्यांहून अधिक जात नाहीत. देश लहान असो वा भारताएवढा, हिस्सा तोच. त्यामुळे रांग इतकी लांबली की २०२४ हे अख्खे वर्ष ईबी-टू या उच्च पदवीधरांच्या वर्गातल्या भारतीयांपैकी ज्या तारखेपर्यंतच्या अर्जांची पाळी आली होती, ती तारीख २०१२ च्या महिन्यांतच रखडत पुढे सरकत होती. दरम्यान मूल एकवीस वर्षांचे झाले की ते एच-फोरमधून बाहेर पडते. त्याला स्वतःचा विद्यार्थी व्हिसा तरी मिळवावा लागतो, नाहीतर देश सोडावा लागतो. २००२ च्या एका कायद्याने वय मोजताना थोडी सूट मिळते, पण दशकभराच्या रांगेपुढे ती अपुरी पडते. लहानपणी आणलेल्या मुलांना हद्दपारीपासून संरक्षण देणारी २०१२ ची डाका योजना इथे उपयोगाची नव्हती, कारण त्या वेळी कायदेशीर दर्जा नसणे ही तिची अटच होती. ही मुले कायदेशीर होती.

आता तिन्ही प्रसंग उलगडले. एच-फोरवरच्या मुलांना कामाची परवानगी नसते, म्हणून आइस्क्रीमचे दुकान नाही. वडिलांच्या पासपोर्टावरचा व्हिसाचा शिक्का २०१३ साली संपला होता. राहण्याची मुदत वाढलेली होती, पण भारतात पाऊल ठेवले असते तर परतण्यासाठी वकिलातीतून नवा शिक्का घ्यावा लागला असता. तो अडकला तर नोकरी जाणार, आणि नोकरी गेली तर चौघांपैकी तिघांचा मुक्काम धोक्यात येणार. २०१४ साली आजी गेली तेव्हा त्यांनी हे गणित मांडले आणि ते गेले नाहीत.

मला सर्वांत धक्का बसला तो डॉक्टरकीच्या बाबतीत. लेखिकेच्या वडिलांनी तिने डॉक्टर व्हावे असे कधीच म्हटले नव्हते. अमेरिकेतली बहुतेक वैद्यकीय महाविद्यालये परदेशी दर्जाच्या विद्यार्थ्यांना घेत नाहीत किंवा अगदी मोजक्यांना घेतात, हे त्यांना पक्के ठाऊक होते. त्यांचा आग्रह संगणकशास्त्राचा होता, कारण विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीनंतर विद्यार्थी व्हिसावर एक वर्ष आणि वर आणखी चोवीस महिने काम करता येते. साहित्याच्या पदवीला ते वाढीव चोवीस महिने नाहीत. मुलीला तिथे टिकून राहायला, आणि एच-वन-बीच्या वार्षिक सोडतीत एकाऐवजी तीनदा नशीब आजमावायला वेळ मिळावा, एवढाच त्यामागचा हिशेब होता. त्यांनी तो तिला सांगितला नाही. ‘आपल्याकडे सगळे हेच करतात’ एवढे म्हणाले, आणि सोळा वर्षांच्या मुलीने त्याचा अर्थ प्रतिष्ठा असा लावला.

म्हणजे अडचण दुहेरी होती. आईवडिलांनी कायद्याची अडचण संस्कारांच्या भाषेत सांगितली होती, आणि मुलीने मोठेपणी कादंबरी लिहिताना तीच भाषा खरी मानून तिच्यावर ओळखीचा साचा चढवला होता. डॉक्टर व्हायला लावणारा भारतीय बाप इंग्रजी वाचकाला समजावून सांगावा लागत नाही. व्हिसाचे दिवस मोजणारा बाप समजावून सांगावा लागतो.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय खर्डा आहे तसा ठेवून भाषा घासूनपुसून घेण्याचा होता. एजंटचे मत याच बाजूचे होते, आणि तिचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. कुमार वाचकाला संघर्ष चेहऱ्याचा लागतो. रुसणारी आई आणि ओरडणारा बाप पानावर उभे करता येतात, सरकारी रांग उभी करता येत नाही. २०१४ साली ‘वी नीड डायव्हर्स बुक्स’ ही मोहीम सुरू झाल्यापासून अमेरिकेतल्या बालकुमार प्रकाशनात वेगवेगळ्या समाजांतल्या लेखकांना मागणी वाढली हे खरे. पण माझ्या मते त्या मागणीत एक छुपी अट असते. पात्रे नवी असावीत आणि भांडण जुनेच असावे.

दुसरा पर्याय कादंबरी सोडून आत्मकथन लिहिण्याचा. तो एका संध्याकाळीच बाद झाला. आत्मकथनात कुटुंब लपत नाही, आणि लेखिका स्वतः त्या वेळी पदवीनंतरच्या तात्पुरत्या कामाच्या परवान्यावर होती.

तिसरा पर्याय व्हिसा कादंबरीच्या केंद्रस्थानी आणण्याचा होता. त्यात रचनेचा एक खरा पेच होता. घड्याळ एकविसाव्या वर्षी थांबते, आणि या वर्गातली नायिका अठराच्या पुढे नेली तर पुस्तक दुकानातल्या दुसऱ्याच कपाटात जाते. नायिकेला तिच्या वयात राहू द्यायचे आणि तरी टोल पडताना ऐकू यायला हवा, हे कसे साधायचे?

चौथा पर्याय मी सुचवला होता, तो सांगायला थोडा संकोच वाटतो: दोन्ही ठेवावे, डॉक्टरकीचा हट्टही आणि व्हिसाही. लेखिकेने शांतपणे विचारले, ज्या बापाला वैद्यकीय प्रवेश मिळणार नाही हे माहीत आहे तो तो हट्ट धरेल कशाला? माझ्याकडे उत्तर नव्हते. पुढे लक्षात आले की माझ्या पहिल्या अहवालात त्या उपकथानकाला मी ‘विश्वासार्ह’ असा शेरा दिला होता. अमेरिकेत ‘सेटल’ झालेल्या मराठी घराचा साचा माझ्याही डोक्यात होता, तिच्याइतकाच.

प्रत्यक्ष कृती

तिसरा पर्याय ठरला आणि एजंटशी असलेले काम परस्परसंमतीने संपले. हा निर्णय लेखिकेचा होता. मी तो लांबवावा असे सुचवले होते.

वयाचा पेच दोन गोष्टींनी सुटला. एक म्हणजे शेजारच्या फ्लॅटमधला मोठा मुलगा, नायिकेचा मराठी शाळेतला जुना सोबती, तिसऱ्या प्रकरणात वीस वर्षांचा होतो आणि त्याचे घड्याळ कादंबरीभर चालू राहते. दुसरी गोष्ट अर्जाची. पहिल्या खर्ड्यात शेवटी येणारा निबंध आता सुरुवातीलाच येतो, पण नायिका निबंधापर्यंत पोहोचतच नाही. त्याआधीच्या पानावर नागरिकत्वाचा प्रश्न असतो, आणि त्यापुढे काय निवडायचे हे तिला माहीत नसते. ती आईला हाक मारते. आई हात पुसत येते, पडद्यावर नजर टाकते आणि म्हणते, बाबा येईपर्यंत थांब. फाईल इथे पहिल्यांदा उघडते. केंद्र सरकारच्या शैक्षणिक साहाय्याचा अर्ज नायिकेला भरता येत नाही आणि धाकट्या भावाला पुढे भरता येईल, हा एकाच जेवणाच्या टेबलावरचा फरक याच प्रकरणात उघड होतो. माझ्या मते साऱ्या पुस्तकातले हे सर्वांत चांगले प्रकरण आहे, आणि त्यात कुणीही ओरडत नाही.

दुसऱ्या खर्ड्याच्या मध्यावर उलटा दोष शिरला. लेखिका कायद्याबद्दल इतके शिकली होती की रांगेतली जागा ठरवणारी अग्रतेची तारीख म्हणजे काय हे समजावण्यात नऊ पाने गेली. ती कापून एका पानावर आणली. नायिका भावाला चिवड्यातल्या शेंगदाण्यांनी रांग मांडून दाखवते, आणि भाऊ मधलेच शेंगदाणे खातो. मराठी शब्द तिरप्या अक्षरांत छापायचे नाहीत आणि मागे शब्दार्थांची यादी द्यायची नाही, हे फारशी चर्चा न होता ठरले.

खरा पेच घरात निर्माण झाला. लेखिकेने आईला हस्तलिखित दाखवले ते दुसरा खर्डा पूर्ण झाल्यावर, आणि तेव्हा ते दोन प्रकाशकांकडे गेलेलेही होते. पहिल्या खर्ड्यातल्या आईचे चित्रण अन्यायाचे होते, म्हणून आई त्यावर रागावेल अशी भीती लेखिकेला वाटत असे. ते चित्रण आता बदलले होते, त्यामुळे ती निर्धास्त होती. आई रागावली ती फाईलवरून. मी कडक होते असे लिही, दुष्ट होते असे लिही, पण आपले कागद चव्हाट्यावर मांडू नकोस, असे तिचे म्हणणे होते. त्याचे कारणही समजले. गावी भावकीत ‘यांचे ग्रीन कार्ड कधीच झाले’ असे सांगून दहा वर्षे होत आली होती. आजीच्या तेराव्याला न जाण्याचे कारण लोकांनी ‘पैसा आला की माणसे बदलतात’ असे लावले, आणि वडिलांनी तो ठपका मुकाट्याने घेतला, पण रांगेत अडकलो आहोत हे सांगितले नाही. अडकलेला म्हणवून घेण्यापेक्षा बदललेला म्हणवून घेणे त्यांना सोपे वाटले. या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले होते.

हस्तलिखित दोन्ही प्रकाशकांकडून परत मागवले. लेखिका पुस्तक सोडून देण्याच्या मनःस्थितीत होती. तीन आठवड्यांनी मार्ग निघाला तो आईकडूनच. कुटुंब ओळखू येऊ नये म्हणून पात्रांचे व्यवसाय बदलावे अशी चर्चा चालू असताना ती म्हणाली, “मग नोकरी मला दे. निदान पुस्तकात तरी मी कामाला जाते.”

तिसऱ्या फेरीत त्यामुळे सारेच उलटले. कादंबरीतली आई एच-वन-बीवर काम करते आणि वडील एच-फोरवर घरी असतात. ठरावीक टप्प्यापर्यंत ग्रीन कार्डाची प्रक्रिया पोहोचलेल्या कर्मचाऱ्यांच्या जोडीदारांना कामाची परवानगी २०१५ च्या मे महिन्यापासून मिळू लागली. त्याआधीची वर्षे हा बाप डबे भरतो, मुलांना बसपर्यंत सोडतो, आणि गावाहून फोन आला की ऑफिसातून बोलतोय असे भासवतो. मुखवटा म्हणून केलेला हा बदल कादंबरीचा कणा झाला. लेखिकेच्या आईने २००७ ते २०१५ ही आठ वर्षे जशी काढली तशी ती कुणाच्या लक्षातच आली नव्हती, कारण बाईने घरी असणे कुणाला खटकत नाही. तीच आठ वर्षे पुरुषाच्या अंगावर घातल्याबरोबर दिसू लागली.

वडिलांनी हस्तलिखित वाचले नाही असे ते सांगतात. मात्र एके दिवशी त्यातली बारा पाने पेन्सिलीच्या खुणांसह लेखिकेच्या टेबलावर ठेवलेली होती. खुणा फक्त अर्जांचे क्रमांक आणि तारखा जिथे चुकल्या होत्या तिथे होत्या. अशा सहा चुका निघाल्या, आणि सहाही बरोबर दाखवलेल्या होत्या.

परिणाम

नव्या हस्तलिखिताला अकरा नकार आले. त्यांतल्या दोन पत्रांत आईवडील ‘फार समजूतदार’ असल्याची तक्रार होती. २०२४ च्या उन्हाळ्यात एका मध्यम आकाराच्या प्रकाशनगृहाने ते स्वीकारले. लेखिकेचा व्हिसाचा दर्जा त्याच सुमारास बदलत होता. पुस्तकाचा आगाऊ मोबदला त्या दर्जात घेता येतो का, आणि येत असल्यास कसा, हे स्थलांतर कायद्याच्या वकिलाला विचारल्याशिवाय करारावर सही करायची नाही असे तिने ठरवले आणि त्यापायी सही सात आठवडे लांबली. स्वतःच्या कादंबरीतल्या पेचात ती स्वतः उभी होती, पण त्याची गंमत तिला त्या वेळी वाटत नव्हती.

पुस्तक निघाले. खप बेताचा आहे. मराठी शाळेतल्या दोन पालकांनी मुलांना ते वाचायला देण्याआधी आपली फाईल उघडून दाखवली, असे लेखिकेच्या आईने मला फोनवर सांगितले. बाकी वाचकांत कुणाला काय वाटले याचा हिशेब माझ्याकडे नाही. गावी अजून कुणी पुस्तक वाचलेले नाही.

वेगळे काय करता आले असते

आईला हस्तलिखित दाखवायला उशीर झाला, ही चूक आम्हा दोघींची. लेखिकेला वाटले की चित्रण न्याय्य झाले म्हणजे संमती मिळालीच. चित्रण आणि गुपित या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि घरच्यांना दुसरीची चिंता पहिलीहून जास्त असू शकते, हे मला संपादक म्हणून आधीच सुचायला हवे होते. दुसऱ्या खर्ड्याचा नुसता आराखडा आईसमोर ठेवला असता तरी दोन प्रकाशकांपुढची नामुष्की टळली असती. आराखड्यावर आईला ती नोकरीची कल्पना सुचली असती का, हे मात्र सांगता येत नाही.

एजंटशी फारकत घाईने झाली, असे मला अजून वाटते. तिला फाईलची हकीकत पूर्ण सांगितलीच गेली नव्हती. तिला फक्त ‘व्हिसाचा विषय आणायचा आहे’ एवढेच कळवले होते, आणि त्यावर तिने नोंदवलेली शंका रास्त होती. चिवड्याच्या प्रसंगाचे एक पान तिला पाठवले असते, तर निर्णय तोच झाला असता तरी माहितीवर झाला असता. लेखिकेला हे पटत नाही.

माझ्या पहिल्या अहवालातला ‘विश्वासार्ह’ हा शेरा मी आता नमुना म्हणून जपून ठेवला आहे. हस्तलिखितातला एखादा प्रसंग अजिबात अडखळू न देता पुढे गेला, की तिथे परत जाऊन पाहण्याची सवय मी त्यानंतर लावून घेतली.

सध्या मराठी अनुवादाचे काम सुरू आहे आणि ते पहिल्याच प्रकरणात अडले आहे. इंग्रजीत नायिका आईला आणि वडिलांना एकाच सर्वनामाने बोलते. मराठीत ती आईला ‘अगं, तू’ म्हणेल यात शंका नाही, पण घरी राहून डबे भरणाऱ्या या बापाला ‘अहो, तुम्ही’ म्हणेल की ‘अरे बाबा, तू’, हे ठरत नाही. लेखिका स्वतः वडिलांना ‘तुम्ही’ म्हणते. तिचा धाकटा भाऊ ‘तू’ म्हणतो. फाईल उघडते त्या प्रकरणापर्यंत ‘तुम्ही’ आणि पुढे ‘तू’ असे करून पाहावे अशी सूचना मी केली आहे. लेखिकेने ती वडिलांना विचारून कळवते असे सांगितले, त्याला आता दोन महिने झाले.